देवडीत खुर्ची नव्हती

अंक छपाईला जायच्या ऐन घाईत मोठी बातमी येऊन आदळते, हे बातम्यांच्या कचेरीत काम केलेल्या कुणाला सांगायला नको. ‘घुमटवार्ता’त त्या दिवशी तेच झालं.

‘घुमटवार्ता’ हे काचेच्या प्रचंड घुमटाखाली वसलेल्या त्या शहराचं एकुलतं एक साप्ताहिक. घुमटाबाहेर श्वास घ्यायला हवा नाही. नुसती हाडं गोठवणारी थंडी आणि भर दिवसाही काळं आभाळ. घुमटाच्या आत घरं, शाळा, दवाखाना आणि कशावरही वाद घालायला तयार असलेली माणसं. बाहेर बर्फाची खाण होती. तिथल्या बर्फावरच शहराचं पाणी चालायचं. खाणीवर जायचं तर एका छोट्या खोलीतून जावं लागे. तिला दोन दारं, एक शहराच्या बाजूला, एक बाहेरच्या पोकळीकडे. सगळे तिला देवडी म्हणत. बाहेरून माणसं आली की बाहेरचं दार लावायचं, देवडीत हवा भरायची आणि मगच आतलं दार उघडायचं. हे काम देवडीवाल्याचं; तोही हवाबंद पोशाख घालून देवडीतच उभा असायचा.

त्या दिवशी देवडीतली हवा निघून गेली आणि तिघं मेले. दोन खाणकामगार आणि खुद्द देवडीवाला.

खाणीच्या कचेरीतून चार ओळींचा मजकूर आला. ‘देवडीतील दक्षतेच्या अभावामुळे दुर्घटना.’ उपसंपादिकेने तो वाचला आणि कपाळाला आठ्या घातल्या. इतकं लांबलचक शीर्षक पहिल्या पानावर मावणार कसं? आणि मावलं तरी वाचणार कोण? ती हुशार होती, हात चलाख होता. तिने चटकन लिहिलं : ‘देवडीवाल्याची डुलकी तिघांना भोवली!’

संपादकांनी मागून डोकावून पाहिलं. “वा! झकास जमलंय. सोड अंक.”

अंक सुटला. उपसंपादिका घरी जाऊन जेवली आणि शांत झोपली.

अंक लोकांच्या हाती पडला आणि तिसऱ्या दिवशी एक बाई कचेरीचं दार ढकलून थेट आत आली. केस विस्कटलेले, डोळे कोरडे ठणठणीत. तिच्या हातात पहिलं पान होतं, चुरगळलेलं.

“डुलकी कुणी लिहिलं?” तिने विचारलं.

सगळ्यांनी माना खाली घातल्या. जो तो एकदम कामात बुडाला.

“मी विचारतेय, डुलकी कुणी लिहिलं? मी देवडीवाल्याची बायको आहे.”

उपसंपादिका उभी राहिली. “बसा ना बाई. तुमचं दुःख आम्ही समजू शकतो, पण खाणीच्या कचेरीतूनच तसं...”

“तू देवडी पाहिलीस का गं कधी?” बाईंचा आवाज चढला. “तिथे खुर्ची नाही! स्टूल नाही, बाक नाही, टेकायला फळीसुद्धा नाही. पाळीभर माझा नवरा उभा असायचा. घरी आला की पाय बादलीत बुडवून बसायचा. उभ्या उभ्या डुलकी कशी काढतात, दाखव मला काढून!”

तिने हातातलं पान उघडून समोर धरलं.

“हे पान कुणीतरी माझ्या दाराला चिकटवून गेलंय. मेलेल्या दोघांच्या घरी मी भेटायला गेले, तर त्यांनी दार लावून घेतलं. माझी मुलगी शाळेत जायला तयार नाही. वर्गात तिला बघून पोरं घोरतात. घोरतात!”

तिने कागद उपसंपादिकेच्या टेबलावर आपटला आणि आली तशी निघून गेली.

घरी आल्यावर उपसंपादिका भांडी आदळत होती. सासूबाई जेवणाच्या टेबलाशी अंक उघडून बसल्या होत्या. त्यांनी आयुष्यभर शाळेत शिकवलं होतं. अर्धं शहर त्यांच्या हाताखालून गेलेलं.

“तो झोपला होता हे कुणी पाहिलं गं?” त्यांनी विचारलं.

“अहो आई, आता तुम्ही नका सुरू करू. खाणीच्या कचेरीतून आलं होतं.”

“डुलकी असं आलं होतं?”

“दक्षतेचा अभाव असं आलं होतं. म्हणजे तेच ना!”

“तेच कसं?” सासूबाईंनी चष्मा काढला. “दक्षतेचा अभाव खाणीचा, कारभाऱ्यांचा, कुणाचाही असू शकतो. डुलकी एकट्याची असते. त्यांनी बोट दाखवलं, तू थोबाडीत मारलीस.”

“छपाईची वेळ झाली होती! कुणाकुणाला विचारत बसणार?”

“एखाद्याला तरी विचारायचं होतंस. जिवंत माणसाबद्दल असं लिहिलं असतंस, तर तो तुझ्या दारात भांडायला उभा राहिला असता. मेलेल्याबद्दल लिहायला धाडस लागत नाही, म्हणून जास्त जपून लिहायचं. मी तुला दोष देते आणि मलाही देते. मीसुद्धा परवा हे वाचून ‘अरेरे, काय बेजबाबदार माणूस!’ म्हणाले आणि पान उलटलं.”

 उपसंपादिकेला प्रचंड राग आला होता. आधी सासूबाईंचा, मग त्या बाईंचा. ताट तिने तसंच बाजूला सारलं. शेवटी राग फिरून फिरून तिच्यापाशीच येऊन बसला.

सकाळी कचेरीत न जाता ती तडक देवडीवर गेली. खाणीवर निघालेली पाळी आतल्या दाराशी रांगेत उभी होती. त्यांच्या मुकादमाला सगळे लंबू म्हणत. अपघातानंतर तिघांना त्यानेच बाहेर काढलं होतं. तिने स्वतःची ओळख सांगताच रांगेतली कुजबुज थांबली.

“आता आलात?” लंबू म्हणाला.

“हो. उशिरा आले. काय झालं होतं, सांगाल?”

लंबू तिला देवडीत घेऊन गेला. बाहेरच्या दाराच्या कडेने रबराची जाड पट्टी होती. वाळून कडक झालेली, जागोजागी चिरलेली. खालच्या कोपऱ्यात एक नवा तुकडा कसाबसा ठोकून बसवला होता.

“हे रबर कधीच बदलायला झालं होतं. ते दोघं आत आले. दार लागलं, हवा भरली, तिघांनी शिरस्त्राणं काढली. आणि या कोपऱ्यातून रबर सुटलं.” लंबूने त्या नव्या तुकड्यावर हात ठेवला. “देवडीवाल्याने काय केलं माहितीय? पोशाखावरचा कोट काढून त्या फटीत कोंबला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. आम्ही आत शिरलो तेव्हा त्याचे हात तिथेच होते. मीच सोडवले ते.”

उपसंपादिकेने विचारलं, “हे तुम्ही कुणाला सांगितलंत?”

“खाणीच्या कचेरीत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, लिहून घेतलं नाही.”

“मग आमच्याकडे का नाही आलात?”

“तुम्ही विचारलंत? रबराचं तर आम्ही कधीपासून ओरडतोय. दुपारी भोजनगृहाच्या रांगेत रोज तेच बोलणं. त्या रांगेत तुमची कचेरीही असते की!”

ते खरं होतं. तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. हातात ताट धरून ऐकलं होतं आणि यांची रोजचीच रड म्हणून पुढे सरकली होती.

संपादकांनी सगळं ऐकून घेतलं आणि हात झटकले. “एक शब्द चुकला. पुढच्या अंकात आतल्या पानावर छोटासा खुलासा टाकू.”

“सर, चूक पहिल्या पानावर केली. खुलासाही पहिल्या पानावरच.”

“आणि रबराचं छापू? लोक घाबरतील! खाण बंद पडली तर पाणी कुठून आणायचं?”

“घाबरायलाच हवं! आज सकाळी माझ्यासमोर त्याच दारातून माणसं बाहेर गेली!”

“आवाज खाली. तुझी नोकरी माझ्या हातात आहे.”

“घ्या काढून. पण आधी माझ्याबरोबर देवडीत चला. तिथे उभं राहून मला सांगा, हे छापू नको. मग मी नाही छापणार.”

संपादक चिडूनच निघाले.  देवडीत गेल्यावर त्यांनी वाकून त्या पट्टीच्या चिरेत बोट घातलं. अख्खं पेर आत गेलं. त्यांनी बोट काढलं आणि बाजूला उभ्या असलेल्या खाणीच्या कारभाऱ्याकडे पाहिलं.

“हे दार आजही वापरता?”

“साहेब, नवं रबर मागवलंय. तोवर...”

“तोवर काय? तोवर काय!” संपादक असे कडाडले की रांगेतली माणसं दचकली. “बंद करा हे दार! आत्ताच्या आत्ता! नाहीतर तुमचा फोटो घालतो पहिल्या पानावर!”

त्या आठवड्याचं शीर्षक संपादकांनी स्वतः लिहिलं : ‘तो झोपला नव्हता.’ खाली लंबूने सांगितलेली सगळी हकीकत होती. आणि उपसंपादिकेच्या हट्टाने एका चौकटीत, तिच्या नावानिशी, एवढंच : ‘डुलकी हा शब्द मी लिहिला. मी कुणालाही विचारलं नव्हतं. तो शब्द खोटा होता.’

खाण बंद राहिली. पाणी तुटपुंजं मिळू लागलं. ‘घुमटवार्ता’ला शिव्या घालणारेही निघाले. आंघोळ चुकली म्हणून माणूस किती संतापतो! शेजारचे तिघं मेले, तेव्हा यांतल्या एकाचाही आवाज निघाला नव्हता. पण दाराला नवं रबर बसलं आणि मगच पाळी बाहेर पडली.

अंक घेऊन उपसंपादिका देवडीवाल्याच्या घरी गेली. बाईंनी दार अर्धवट उघडलं. उभ्या उभ्याच सगळं वाचलं, अगदी चौकटीसकट.

“मला माफ करा,” उपसंपादिका म्हणाली.

“नाही करणार,” बाई म्हणाल्या. “निदान आज तरी नाही. माझी मुलगी हे पान शाळेत घेऊन जाईल, तेवढं पुरे. तू एक कर. पुढच्या वेळी कुणी मेलं, तर लिहायच्या आधी त्याच्या घरी ये.”

दार लागलं.  उपसंपादिका वळली आणि कामाला लागली. त्यानंतर तिने कुठल्याही मेलेल्या माणसाबद्दल त्याच्या घरी गेल्याशिवाय एक ओळ लिहिली नाही.

वाचकहो, संपादकांवर आणि उपसंपादिकेवर रागवाल, तर जरूर रागवा. पण ते पान दाराला कुणी चिकटवलं? कुणा संपादकाने नव्हे. ते एका वाचकाने चिकटवलं, तुमच्या-आमच्यासारख्याच. वर्गात घोरणाऱ्या पोरांनी ते घरातल्या मोठ्यांच्या तोंडून ऐकलं होतं. गेलेल्या माणसाच्या माथी दोष मारणं सगळ्यांत सोपं असतं, कारण तो उठून ‘हे खोटं आहे’ असं म्हणू शकत नाही. त्याच्या वतीने आपणच विचारायचं असतं, छापण्याआधी, वाचून मान डोलावण्याआधी, दुसऱ्याला सांगण्याआधी : हे कुणी पाहिलं?