नऊ जणांना चारांची जागा

होय, मीच बोलतोय. भोसरीच्या गिअर कारखान्यातला सोळा बिटांचा संगणक. माझा पंखा कधीच बंद पडलाय, पण राग शाबूत आहे.

१९८० साली कारखान्याला स्टोअरमधल्या चाळीस हजार सुट्या भागांची माहिती एका जागी ठेवायची होती. नऊ खात्यांत नऊ पडदे, म्हणजे मला जोडलेले टर्मिनल, बसणार होते. अमुक स्प्रिंग किती शिल्लक, असं कुणीही विचारावं आणि लगेच उत्तर यावं, एवढंच मागणं होतं. यंत्र कुठलं घ्यायचं ते ठरवायला संगणक विभागातल्या पद्मजाबाईंना सांगितलं. त्या महिनाभर स्टोअरच्या खिडकीशी उभ्या राहिल्या. तासाला किती माणसं येतात, काय मागतात, टिपत राहिल्या. मग त्यांनी लिहून दिलं: बत्तीस बिटांचं यंत्र घ्या, मेमरी एक मेगाबाइट तरी घ्या आणि ऑपरेटिंग सिस्टिम नऊ जणांची कामं एकदम सांभाळणारी बघा.

संगणक विभागाचे प्रमुख हरिहर खासनीस तो कागद वाचून हसले.

"बाई, तुम्ही लग्नाची पंगत धरून चाललाय. एका वेळी दोघं-तिघंच बसतात हो."

त्यांना मी हवा होतो. मी लवकर मिळणार होतो, आणि शेजारच्या कारखान्याआधी यंत्र आणल्याचं नाव त्यांना मिळणार होतं.

मी आलो. हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला. तीन पडदे होते तोवर मी छान पळालो. नऊ झाले आणि माझी दैना सुरू झाली. माझ्या मेमरीत चौघांची कामं जेमतेम मावायची. पाचवा आला की एकाला उचलून डिस्कवर ठेवायचं, त्याची पाळी आली की दुसऱ्याला बाहेर काढायचं. सगळा वेळ या ने-आणीतच जायचा. काम कुणाचंच होत नसे.

स्टोअरच्या खिडकीवर कारकून ज्योतीराम असायचा. उस्मानाबादकडचा, राहायला रहाटणीत. चार-चार मिनिटं पडदा गप्प, आणि समोर रांग ओरडतेय, "आवर की राव, लाइन थांबलीय!" शेवटी तो चिठ्ठीवर लिहून माल द्यायला लागला. माझ्यात नोंद मागाहून करू म्हणायचा, पण तेवढी उसंत मिळायची कुठं? एक दिवस मी सहाशे स्प्रिंगा दाखवत होतो आणि रॅक रिकामा होता. गिअरबॉक्सचं काम अर्धा दिवस बंद पडलं.

"मशीन उत्तम आहे," खासनीस चौकशीत म्हणाले. "माणूस अडाणी आहे."

ज्योतीरामला वैशाखाच्या उन्हात मागच्या यार्डात भंगाराचे पिंप मोजायला पाठवलं. जाताना तो पद्मजाबाईंना म्हणाला, "म्या खोटं न्हाई केलं, बाई. ह्ये बोलतच नव्हतं."

तो गेल्यावर बाई माझ्यासमोर येऊन बसल्या. हळूच म्हणाल्या, "थांब. आपण दोघं मिळून यांची जिरवू."

पाहुणे आले की खासनीस सात पडदे 'दुरुस्तीला' म्हणून बंद ठेवायचे आणि दोनांवर माझी चपळाई दाखवायचे. पुढच्या महिन्यात संचालक येणार होते. त्या सकाळी पद्मजाबाई स्वतः एकेका खात्यात जाऊन पडदे सुरू करून आल्या. प्रत्येकाला सांगितलं, "बरोबर अकराला एक प्रश्न विचारा."

अकरा वाजले. मी मुद्दाम काही केलं नाही, गरजच नव्हती. नऊ जणांचे प्रश्न एकदम माझ्या दारात आले, डिस्क खडखडू लागली आणि माझं अख्खं कपाट थरथरलं.

"खासनीस, स्प्रिंगा किती?" वर्क्स मॅनेजर लक्ष्मणरावांनी घड्याळ बघत विचारलं.

"येतंय साहेब, येतंय."

सात मिनिटं झाली, तरी ते येतंयच म्हणत होते. कपाळावरचा घाम माझ्या बटणांवर टपटपत होता. तेवढं सुख मला कुठल्याच कामात मिळालं नव्हतं.

दुपारी लक्ष्मणरावांनी बाईंना बोलावलं. "मशीन सदोष आहे असं लिहा. पुरवठादारावर ढकलू. आपली अब्रू राहील, आणि तुमच्या बढतीचं मी बघतो."

"आणि ज्योतीराम?"

"तो आहे तिथं बरा आहे."

बाईंनी अहवाल टाइप केला: 'यंत्रात दोष नाही. न झेपणारं काम त्यावर लादलं. कारकुनाचा दोष नाही. निवड हरिहर खासनीस यांची.' एक प्रत लक्ष्मणरावांच्या टेबलावर ठेवली, दुसरी थेट संचालकांच्या हातात दिली.

खासनीसांची बदली चाकणच्या गोदामात झाली. तिथं पडदा नाही, पंखाही नाही म्हणतात. ज्योतीराम खिडकीवर परत आला. बाईंची बढती मात्र गेली. नव्या बत्तीस बिटांच्या यंत्रावर प्रमुख बाहेरून आणला. त्या त्याच्या हाताखाली मान ताठ ठेवून काम करतात. सूडानं मन शांत होत नाही असं म्हणतात. बाईंचं मला ठाऊक नाही. माझं झालं.

तुम्ही कधी यंत्र निवडाल तर आधी खिडकीवरच्या माणसाला विचारा. नाही विचारलंत, तर माझ्यासारखा कुणी तुमचंही नाव धरून बसेल.

आज भंगारवाला भैरू टेम्पो घेऊन आलाय. माझ्या पाठीवर थाप मारून त्यानं विचारलं, "काय बिघडलंय ह्याचं?"

ज्योतीरामनं दोर आवळला. म्हणाला, "ह्याचं काई न्हाई. आननाऱ्याचं बिगडलं व्हतं."