कडेची नक्षी

"उलटा धरलाय तुम्ही," मी म्हणाले.

फिलिपाबाईंनी कागद फिरवला. तो आता आडवा झाला, पण बरोबर नाहीच. बाई म्युझियममधून आल्या होत्या. हातांत पांढरे हातमोजे, आणि चेहऱ्यावर दवाखान्यातल्या नव्या नर्सचं असतं तसलं हसू. लाजामानूच्या, आमच्या मूळनिवासींच्या वस्तीतल्या, दवाखान्यात मी एकतीस वर्षं फरशी पुसली आहे. असं हसू दिसलं की मागून सुई येते.

"हे तुमच्या वडिलांनी काढलंय, नुंगराई. त्रेपन्न साली. मागे नाव आहे, वाचू?"

"वाचू नका. गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत."

त्या ओशाळल्या. मग खालची चिठ्ठी वाचली : सरकारी ट्रक, कडेला नक्षी. "आणि हे गोल म्हणजे पाणी, हो ना? जागेचं नाव सांगाल? लिहून घेते."

आल्याच मुद्द्यावर! बाबांना गोऱ्या साहेबानं रंगीत खडू आणि तंबाखू देऊन चित्रं काढून घेतली, तेव्हाही म्हणे त्याला नुसतं बघायचं होतं. आता आमच्या दक्षिणेला सोन्याची खाण आहे आणि खाणीला पाणी लागतं; नाव लिहिलं की ते तिथवर पोचतं. तरी मी आले होते, कारण मला एकच गोष्ट हवी होती. लहानपणी गेलेला माझा भाऊ कुठं राहिला, ते या कागदांत असेल तर बघायचं होतं.

"एकटीनं बोलता येत नाही," मी म्हणाले. "राखणदार लागतो."

हे खरंही होतं आणि सबबही होती. बापाच्या जमिनीबद्दल मुलानं-मुलीनं बोलायचं, पण लेकीचा मुलगा समोर बसून राखण करणार. तो नसेल तर आमचं तोंड बंद. आमचा राखणदार एल्रॉय, माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा, त्याच खाणीत डंपर चालवतो. चार वर्षांपूर्वी खाणीचा नवा रस्ता आमच्या टेकडीला खेटून गेला. वाट कुणी दाखवली, ते मला कुणी सांगायला नको होतं. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नव्हते. येणार नाही अशा आशेनंच मी निरोप धाडला.

अर्ध्या तासात हजर. वर खाणीचा नारिंगी शर्ट घालून.

"काय गं मावशी, बरी आठवण झाली माझी?"

"तुझ्या साहेबांना विचारून आलास ना?"

"साहेबच येणार होते. तुझ्या हातच्या चहाचं ऐकून घाबरले."

मी हसले नाही. त्यानं बाईंच्या हातातून कागद घेतला, मातीवर पसरला आणि कागदातली दक्षिण खऱ्या दक्षिणेकडे येईल असा फिरवला. तेव्हा मला दिसलं.

उत्तरेला ट्रक. सरकारनं दक्षिणेकडच्या युंडुमूहून, आमच्या मुलखातून, आम्हाला त्यात भरून इथं आणून टाकलं होतं. आणि ट्रकपासून परत दक्षिणेकडे जाणारी ती नक्षी म्हणजे पावलं होती. माणसं चालत घरी परतली होती; सरकारनं पुन्हा इथं आणलं ते नंतर. बाबांची मोठी पावलं, आईची, आणि दोन लहान जोड्या. मी बाबांच्या खांद्यावर होते, म्हणून माझी नाहीत. गोल पाण्याशी सगळी थांबली होती. तिथून पुढं बाबा, आई आणि एकच लहान जोडी. ती थोरलीची.

भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी मोठा होता. त्याचं नाव घ्यायचं बंद झालं आणि मग त्याच्याबद्दलचं बोलणंच बंद झालं. साठ वर्षं कुठल्याही पाण्याशी गाडी थांबली की मी आधी जमीन बघत आले. आता मला मोठ्यानं रडावंसं वाटत होतं, पण एल्रॉय समोर होता, म्हणून मी दात आवळून बसले.

"बाई, लिहा," तो म्हणाला. "नक्षी नाही, पावलं. त्यात एका लहान मुलाची पाण्याशी थांबतात. जागेचं नाव लिहायचं नाही."

"पण मग नोंद अर्धवट राहील."

"राहू दे."

मी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "तुला ठाऊक आहे हे पाणी कुठलं ते?"

"आईनं जाताना सांगितलं. राखणदाराला ठाऊक नको?"

"आणि तू खाणवाल्यांना सांगितलंस."

"मावशी, रस्ता तिथूनच सरळ जाणार होता. मी दोन महिने भांडलो, नोकरी जाता जाता राहिली. तेव्हा कुठं त्यांनी तो वळवून टेकडीकडून नेला."

ते वळण मला पाठ होतं. त्या वळणापायी मी त्याला साऱ्या वस्तीसमोर शिव्या घातल्या होत्या.

"मग मला का नाही बोललास?"

"तीनदा आलो होतो. तू आतून टीव्ही मोठा केलास."

खरं होतं. इतकी लाज वाटली की त्याच्याकडे बघवेना.

"शुक्रवारी शिफ्ट संपली की नेतो तुला," तो म्हणाला. "डबा घे, लांब आहे."

फिलिपाबाईंनी पेन सरसावलं. "आणि त्या मुलाचं नाव?"

"नाव नको," मी म्हणाले. "माप लिहा."

पाण्याशी थांबलेल्या त्या पावलाशेजारी मी अंगठा टेकवला. ते माझ्या नखाएवढं भरलं. खरं पाऊल केवढं होतं, ते सांगायला आता कुणी उरलं नव्हतं.