रफिकभाईंचा राजीनामा

कट्ट्याचा वर्धापनदिन आला की रफिकभाई राजीनामा द्यायचे. हा रिवाजच होता. शाहूपुरीत एका क्लासच्या वरच्या खोलीत कोल्हापुरातले प्रोग्रामर दर महिन्याला जमत, एकमेकांना काम दाखवत, अडलेलं सोडवत. त्या खोलीची किल्ली, प्रोजेक्टर आणि खारीचा पुडा ही रफिकभाईंची जबाबदारी. वर्षातून एकदा ते उभे राहून सांगत की आता नव्या दमाच्या कुणीतरी पुढं यावं. मग धैर्यशील, म्हणजे पहिल्या बैठकीपासूनचा त्यांचा दोस्त, हात जोडून म्हणे, "तुम्ही हायसा म्हणून कट्टा हाय." सगळे माना डोलवत. रफिकभाई नाइलाज झाल्यासारखा चेहरा करत. घरी बायको मेहमुदा विचारायची, सुटलात का यंदा तरी? ते सुस्कारा टाकत, पण त्यात दुःख औषधालाही नसायचं.

यंदा घोटाळा झाला. बिद्री गावची क्रांती नावाची मुलगी कट्ट्यावर नवी होती. ती पुण्याच्या कंपनीचं काम घरून करायची, आणि हा रिवाज तिला कुणी सांगितलाच नव्हता. भाषण संपलं, धैर्यशील हात जोडायला उठतोय तोवर ती म्हणाली, "मी बघतो की. तुम्ही लई वर्षं केलंसा, आता निवांत बसा."

धैर्यशीलचे हात अर्ध्यावरच राहिले. सगळ्यांदेखत दिलेला राजीनामा परत कोणत्या तोंडानं घ्यायचा? रफिकभाईंनीच आधी टाळ्या वाजवल्या, मग इतरांनी. किल्ली खिशातून काढून तिच्या हातात देण्याआधी त्यांनी ती उगाचच शर्टाला पुसली.

घरी जाऊन त्यांनी सांगितलं, सुटलो. मेहमुदानं त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि ती चहा टाकायला आत गेली.

पुढचा महिनाभर त्यांना जुने दिवस छळत राहिले. सुरुवातीला वीज कधी जाईल याचा नेम नसायचा. एका लॅपटॉपभोवती सगळी टाळकी गोळा व्हायची आणि बॅटरी संपायच्या आत प्रोग्राम चालवायचा. चालला की फुटबॉलच्या स्टेडियमवर आपल्या पेठेच्या संघानं गोल केल्यासारखा दंगा. खालच्या गाळ्यातला टेलर एकदा भांडणं लागली समजून वर पळत आला होता. मग एकेक जण पुण्याला गेला, बेंगळुरूला गेला. मागं राहिलेले रफिकभाई व्यापाऱ्यांची बिलं काढायची सॉफ्टवेअर करत पोट भरत होते, आणि महिन्याचा बैठकीचा शनिवार आला की खुर्च्या मांडत होते. आपल्यावाचून कट्टा बंद पडेल अशी त्यांना भीती वाटत होती. तो बंद पडणार नाही, याची जास्त वाटत होती. आणि असं वाटतंय याची लाजही वाटत होती.

पुढच्या बैठकीला जायचं नाही असं ठरवून ते दुपारभर पेपर वाचत बसले. मेहमुदानं इस्त्रीचा शर्ट आणून शेजारी ठेवला.

ते पोचले तेव्हा खुर्च्या मांडून झाल्या होत्या. क्रांती प्रोजेक्टरची वायर लावत होती. तिनं हसून "या, बसा" म्हटलं आणि परत वायरीला लागली. पुढची रांग भरली होती. ते मागं जाऊन बसले. नवख्या पोरीपोरांनी खोली गजबजली होती, आणि त्यांतल्या निम्म्यांना हा कोण माणूस हे ठाऊक नव्हतं.

शेजारी पन्नाशीचा एक गृहस्थ मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. आकाराम त्याचं नाव. मलकापूरकडच्या दूध संस्थेत कारकून होता, आणि दूध संकलनाचा प्रोग्राम स्वतःच लिहीत होता.

"पावणं, पहिल्यांदाच आलाय व्हय?" त्यानं विचारलं.

रफिकभाईंच्या ओठांवर सगळा इतिहास आला. हा कट्टा कुणी काढला, कुणी जगवला, सगळंच. पण तेवढ्यात आकारामनं लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला. "तुम्हाला यातलं कळत असंल तर बघा की जरा. सकाळची बेरीज संध्याकाळच्यात मिसळाय लागलीया."

रफिकभाईंनी चष्मा लावला. कट्ट्यावर कुणी त्यांना किल्लीऐवजी कोडबद्दल विचारून किती वर्षं झाली, ते त्यांना आठवेना.

"व्हय, पहिल्यांदाच," ते म्हणाले आणि खुर्ची जवळ ओढली.