मरणाच्या प्रवेशातला पलंग

मित्रांनो, मी दमलो आहे. पलंगाने दमावं हे ऐकून तुम्हाला हसू येईल. म्हणाल, अरे बाबा, दमलेल्यांनी तुझ्यावर येऊन पडायचं, तू कसला दमतोस? पण तुमच्या घरातला पलंग वेगळा आणि मी वेगळा. मी नाटकातला पलंग. माझ्यावर कोणी कधी सुखाने झोपलं नाही. माझ्यावर एक माणूस वर्षानुवर्षं नुसता मरत होता, आणि लोक टाळ्या वाजवत होते.

नेपथ्याच्या सुताराने मला उरल्यासुरल्या फळ्या जोडून बनवलं. प्रेक्षकांना दिसणारी बाजू तेवढी नक्षीची, सोनेरी रंगाची. पलीकडची बाजू कच्च्या फळीची, खिळे वर आलेली. आणि त्याने माझे डोक्याकडचे पाय मुद्दाम वीतभर उंच ठेवले. सपाट पलंगावर मरणाऱ्याचे नुसते तळपाय दिसतात, आणि तळपाय बघायला कोणी तिकीट काढत नाही, असं कंपनीचे मालक म्हणायचे.

आमच्या नाटकात एक म्हातारा राजा शेवटच्या अंकात मरतो. ते काम करणाऱ्या नटाला सगळी कंपनी 'राजे' म्हणूनच हाक मारायची. राजे माझ्यावर आडवे झाले की हात वर करून म्हणायचे, "ये मृत्यो, ये! तुझी-माझी ओळख आजची नाही. जन्माच्या उंबरठ्यावर माझं बोट धरणारा तूच होतास!" तिथून जे सुरू व्हायचं ते संपता संपायचं नाही. जीव म्हणजे काय, काळ म्हणजे काय, माणूस गेल्यावर मागे काय उरतं, सगळं त्यात. राणी, राजकन्या, प्रधान माझ्या पायथ्याशी ओळीने उभे असायचे. माझ्यावर बसायची कोणाला परवानगी नव्हती, कारण कोणी बसलं की राजांचा चेहरा झाकला जातो. शेवटी राजांची मान कलंडायची आणि टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. कधी कधी "वन्स मोअर!" असा ओरडा व्हायचा. मग राजे डोळे उघडायचे, घसा खाकरायचे आणि पुन्हा पहिल्यापासून मरायचे. माझे सांधे कुरकुरायचे. मनात यायचं, अरे, मेलेल्याला तरी उठवू नका!

कौतुक मात्र अमाप झालं. एक प्राध्यापक दर वर्षी आपला वर्ग घेऊन यायचे. मृत्यूवर थोरामोठ्यांनी काय काय लिहून ठेवलंय ते पोरांना समजावायचे आणि म्हणायचे, "आता हे सगळं डोळ्यांनी बघा." पोरं माना डोलवायची. मरावं तर राजांसारखं, असं लोक बोलायचे. जगणारा माणूस असं का बोलतो, ते मला कधी कळलं नाही.

एक माणूस मात्र कौतुक करत नव्हता. राजांची आई. गावात प्रयोग लागला की त्या पुढच्या रांगेत येऊन बसायच्या आणि शेवटचा अंक सुरू झाला की उठून बाहेर जायच्या. माझ्यावरून राजांना ती रिकामी खुर्ची नीट दिसायची. त्यांनी कधी विचारलं नाही, आईंनी कधी सांगितलं नाही. पण ते त्यांना फार लागायचं. रंग पुसताना ते प्रॉम्प्टरला म्हणायचे, "सगळ्या जगाने नावाजलं रे, आईच्या तोंडून एक शब्द नाही."

मग आई आजारी पडल्या. त्यांना धाप लागायची, आडवं झालं की श्वास कोंडायचा. डॉक्टर म्हणाले, डोक्याची बाजू उंच ठेवा. घरच्यांनी उशांवर उशा रचल्या, पण आई बारीक झालेल्या, हळूहळू घसरून खाली यायच्या. राजांना एकदम माझी आठवण झाली. मालकांच्या हातापाया पडून त्यांनी मला घरी आणलं. मालक म्हणाले, "पुढच्या दौऱ्याआधी पलंग परत पाहिजे हं. तो नसला तर नाटक नाही."

मित्रांनो, खऱ्या घरात मी पहिल्यांदाच गेलो. खिडकीशी मला ठेवलं. आईंनी मला पुढून बघितलं, मागून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं बाई! पुढून राजा आणि मागून भिकारी!" पण टेकल्यावर त्यांना श्वास बरा यायला लागला. त्या चक्क झोपल्या. माझ्यावर कोणीतरी झोपलं! मी एकही सांधा वाजू दिला नाही.

दिवसभर राजांची थोरली बहीण, ताई, आईंचं सगळं करायची. राजे तालीम सोडून घरीच बसायचे. बसायचे म्हणजे उभेच राहायचे, माझ्या पायथ्याशी, हात मागे बांधून. जन्मभराची सवय. डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता थोडेच दिवस. राजांना एकच हवं होतं. आईने जाण्याआधी आपल्याला काहीतरी सांगावं. चांगलं म्हणावं, वाईट म्हणावं, पण सांगावं. आईंनी तोंड उघडलं की ते पुढे वाकायचे. आई म्हणायच्या, "दुधाखालचा गॅस बंद केला का बघ."

ताई एकदा वैतागली. "अरे, तू काय असा वाट बघत उभा राहतोस? भिंतीवर टपून बसलेला कावळा जसा!"

"आई काही बोलेल म्हणून थांबलोय."

"ती बोलतेच आहे की सकाळपासून. तुला ऐकू येत नाही."

एका दुपारी आईच म्हणाल्या, "बाळ्या, तू मरतोस कसा ते दाखव बघू."

राजे चपापले. "इथे?"

"मग कुठे? मी काय आता नाटकाला येते होय?"

राजांनी खुर्ची सरकवली. पलंग तर आईंकडे होता, म्हणून ते सतरंजीवर आडवे झाले. हात वर केला. "ये मृत्यो, ये! जन्माच्या उंबरठ्यावर माझं बोट धरणारा तूच होतास!"

"खोटं," आई वरून म्हणाल्या. "तू झालास तेव्हा मी होते तिथे. मरणबिरण कोणी नव्हतं. सुईण होती."

"आई, असं मध्ये बोलू नको गं."

"बरं, चालू दे."

राजे पुढे निघाले. काळावर आले, आत्म्यावर आले. आई हसायला लागल्या. हसता हसता त्यांना खोकला आला, ताई पाणी घेऊन धावली. दम परत आल्यावर त्या म्हणाल्या, "अरे, मला एक वाक्य धड पुरं करता येत नाही. तुझ्या राजाला एवढा श्वास येतो कुठून?"

राजे उठून बसले. चेहरा लहान मुलासारखा पडला होता. इतक्या वर्षांचं जे होतं ते बाहेर आलं. "म्हणून उठून जायचीस होय तू? एवढं वाईट करतो मी?"

आईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग थांबत थांबत म्हणाल्या, "वेडा आहेस. पोटचा पोर मरताना... बसून बघू का मी? लोकांना टाळ्या वाजवू देत. मी बाहेर पायरीवर बसायचे. टाळ्या ऐकल्या की... जिवात जीव यायचा. झालं, आता उठेल म्हणायचे."

राजे उठून आपल्या जागेवर, माझ्या पायथ्याशी जाऊन उभे राहिले आणि घळाघळा रडले.

"तिकडे काय उभा?" आई म्हणाल्या. "इकडे बस. माझी पाठ खाजव."

राजे माझ्या काठावर बसले. माझ्यावर दोन माणसं बसायची ती पहिलीच वेळ. मला भीती वाटली, मोडलो तर? पण मोडलो नाही.

त्यानंतर ते तिथून हलले नाहीत. मालकांचा निरोप आला, तेव्हाही ताईने दारातूनच माणसाला परत पाठवलं. दोन-तीन दिवसांनी सकाळी ऊन माझ्या सोनेरी बाजूवर आलं होतं. आई कुशीवर होत्या, राजे पाठ खाजवत होते. आई म्हणाल्या, "थोडं खाली. अजून. हं, तिथंच." राजे खाजवत राहिले. बाहेर कोणीतरी गाडी सुरू करत होतं, ताई आत कपडे घडी करत होती. ती आली, तिने आईंकडे बघितलं आणि हळूच राजांचा हात धरला. तोपर्यंत ते खाजवतच होते.

मी परत नाटकात गेलो. पहिल्याच प्रयोगाला थिएटर भरलं होतं. शेवटचा अंक आला. राजे माझ्यावर आडवे झाले, हात वर केला, "ये..." म्हणाले आणि थांबले. विंगेतून प्रॉम्प्टर कुजबुजला, "मृत्यो, ये!" राजे गप्प. त्याने मोठ्याने सांगितलं. मग आणखी मोठ्याने. शेवटच्या रांगेलाही ऐकू गेलं. राजांनी हात खाली घेतला आणि पायथ्याशी उभ्या असलेल्या राजकन्येला म्हणाले, "इकडे बस, पोरी."

बिचारी गडबडली. मालक विंगेत कपाळावर हात मारत होते. पण ती आली आणि माझ्यावर बसली. तिच्या पाठीमागे राजांचा चेहरा पार झाकला गेला. त्यांनी तिचा हात धरला. किती वेळ गेला कोण जाणे. नाटकातला राजा कधी गेला ते प्रेक्षकांना दिसलंच नाही. तिने मान खाली घातली तेव्हा कळलं. पडदा पडला, टाळी एकही नाही. लोक आपापल्या खुर्चीत बसून राहिले, घरी जायचं विसरल्यासारखे.

मालक कडाडले, "लोक राजाचं मरण बघायला येतात! चेहरासुद्धा दिसला नाही!" राजे म्हणाले, "मला आता तेवढंच येतं." पुढच्या प्रयोगांना गर्दी ओसरली. प्राध्यापकही एकदा येऊन गेले, पुन्हा आले नाहीत. शेवटी नाटक बंद पडलं. राजे हल्ली ताईकडे असतात असं प्रॉम्प्टर सांगत होता. मी या गोदामात पडलो आहे. माझ्यावर ट्रंका रचल्या आहेत, एका पायाला वाळवी लागली आहे. मला डागडुजी नको, रंग नको. मरणावर एवढी भाषणं ऐकली की आता मला शांतताच बरी वाटते.

पण मित्रांनो, एवढं मात्र ऐका. तुमच्या घरी कोणी असं पलंगावर पडून असेल, तर पायथ्याशी उभे राहू नका. ते काय सांगतील याची वाट बघू नका. जवळ जाऊन बसा. पलंग मोडेल, याची काळजी करू नका. आम्ही पेलतो.