चावडीवरचा जबाब

ईरण्णाला तुरुंगातून सोडावं की नाही, हे विचारायला फौजदार वाडीत आले, तेव्हा सत्यभामा चावडीबाहेर बायकांच्या घोळक्यात उभी होती. बेंबळीच्या पलीकडची ही लहानशी वाडी. सरकारी माणूस आला की अख्खी वाडी जमायची.

"जन्मठेप झालेल्या कैद्याची वागणूक चांगली असली तर सरकार त्याला मुदतीआधी सोडतं," फौजदार म्हणाले. "ईरण्णाची वागणूक चांगली आहे. पण सोडायच्या आधी गावाचं म्हणणं घ्यावं लागतं."

"तो इथं आला तर मुडदा पडंल," हिंमतराव म्हणाले. ते सत्यभामाचे थोरले दीर. "एवढंच लिवा सायेब. गावाचं दुसरं कायबी म्हणणं न्हाय."

माना हलल्या. फौजदारांनी लिहायला घेतलं, तेवढ्यात घोळक्यातून आवाज आला.

"माझं म्हणणं अजून कुणी इचारलं न्हाय."

हिंमतराव वळले. धाकटी भावजय त्यांच्यासमोर आजवर दाराआडूनच बोललेली. आज ती पदर डोक्यावर सारखा करून पुढं आली होती.

"मी मयताची बायको. त्याला बघितल्याबिगर मी व्हय बी म्हणणार न्हाय, न्हाय बी म्हणणार न्हाय. तवर थांबा."

फौजदारांनी कागद बाजूला ठेवला. "थांबतो," ते म्हणाले.

सत्यभामाचा नवरा बलभीम याचा खून झाला तेव्हा हैद्राबाद संस्थान जाऊन काही वर्षं झाली होती, पण धाराशिवच्या कोर्टात अजून उर्दूच जास्त चालायची. बांधाच्या वादातून ईरण्णानं त्याला कुऱ्हाडीनं मारलं, असं सरकारचं म्हणणं. आपण त्या दिवशी तुळजापूरला देवीला गेलो होतो, असं ईरण्णाचं म्हणणं. त्याचा वकील तासभर बोलला. सत्यभामाला त्यातलं निम्मंही कळलं नाही. एक शब्द मात्र लख्ख कळला. शराबी. बलभीम शराबी होता, झिंगून कुणाशी तरी भांडला आणि मेला, असं तो वकील सांगत होता. बलभीम माळकरी. ताडीच्या झाडाखालूनसुद्धा जायचा नाही.

हिंमतरावांनी साक्ष दिली. म्हणाले, मी माझ्या डोळ्यानं बघितलं, ईरण्णानं कुऱ्हाड उगारली. त्या साक्षीवर जन्मठेप झाली. लोक म्हणाले, न्याय झाला. सत्यभामा घरी आली ती तो एक शब्द घेऊन. तो कुणी पुसलाच नव्हता. पुढं कितीतरी वर्षं पाणवठ्यावर दोन बायका हळू बोलताना दिसल्या की तिला वाटायचं, तोच शब्द चाललाय.

शाळेतले गोपाळकृष्ण गुरुजी ईरण्णाच्या भेटीसाठी तिच्यासोबत औरंगाबादच्या तुरुंगात यायला तयार झाले. ते मूळचे तुळजापूरचे, सरकारी कामाची रीत जाणणारे. एसटीत ती खिडकीशी बसून होती, वाटेत काही खाल्लं नाही.

तुरुंगात जाळीपलीकडं ईरण्णा आला. केस पांढरे झालेले, हातांना लाकडाचा भुसा लागलेला. त्यानं तिला ओळखलं आणि तो मागं सरकला.

"वैनी," तो म्हणाला, "म्या इथं सुतारकी शिकलो. कुणाशी भांडलो न्हाय. शिक्षा भोगली."

"कशाची?"

"म्हंजी?"

"कशाची शिक्षा भोगलीस? तू तर कोर्टात सांगितलंस, मी तितं नव्हतोच. तुळजापुरात होतो म्हणलास. मग इतकी वर्सं कशाची भोगलीस?"

ईरण्णा हातांवरचा भुसा झटकू लागला. गुरुजी खाली बघत राहिले.

"माफी करा वैनी," तो म्हणाला.

"माफीबिफी मी आणली न्हाय. मला खरं पायजे. आन् इथं जाळीत न्हाय. वाडीत, चावडीवर, समद्यांसमोर. माझ्या लीलाला बाप आठवत न्हाय. तिनं बी ऐकलं पायजे."

"आन् हिंमतदादा? मला जित्ता सोडतील का ते?"

"ते माझ्याकडं लागलं."

ईरण्णानं जाळी धरली. "वैनी, समदं खरं सांगावं लागंल?"

"समदं."

"तुमाला सोसंल का?"

"माझं मी बघीन. तू सांगणार का?"

पहारेकऱ्यानं वेळ संपल्याची खूण केली, तेव्हा ईरण्णा "सांगीन" म्हणाला.

वाडीत परतल्यावर तिनं फौजदारांना निरोप धाडला, सोडा त्याला. हिंमतराव संतापून तिच्या अंगणात आले.

"माझ्या भावाचा जीव घेतलेला माणूस! फाशीच व्हायला पायजे होती त्याला. आन् तू त्याला घरी आणतीस?"

"फाशी झाली असती तर मी नव्हतो म्हणतच मेला असता तो. मग ह्यांच्या नावावर दारू तशीच ऱ्हायली असती, दादा."

"मी त्याला सोडणार न्हाय. सांगून ठेवतो."

"तुमाला त्याला मारायचं आसंल तर त्याचं बोलणं झाल्यावर मारा. पर त्यासाठी आधी मला आडवं पाडावं लागंल. कुंकू माझं गेलंय. पयला हक माझा."

हिंमतराव तरातरा निघून गेले.

उन्हाळ्यात ईरण्णा सुटला. सकाळच्या एसटीनं बेंबळीला उतरून चालत आला तो घरी न जाता थेट चावडीवर. सारी वाडी जमली होती. हिंमतराव पुढं बसले होते, काठी मांडीवर आडवी. सत्यभामा लीलाचा हात धरून त्यांच्या आणि ईरण्णाच्या मधे उभी राहिली.

"माझ्या हातून चूक झाली," ईरण्णानं सुरुवात केली.

"चूक म्हणू नगो," सत्यभामा म्हणाली. "चूक पाय घसरल्यावर म्हणत्यात. काय केलंस ते सांग."

मग तो सांगू लागला. बांधावरचा दगड त्यानं स्वतःच आदल्या दिवशी बलभीमच्या रानात सरकवला होता. बलभीम तो परत जागेवर ठेवायला वाकला.

"त्यानं मला शिवी बी दिली न्हाय. म्हणाला, ईरण्णा, आपण दोघं मिळून ठिवू. म्या मागनं कुऱ्हाड घातली. तो पडला. लगीच गेला न्हाय. माझं नाव घेऊन हाका मारीत होता. म्या पळालो." तो थांबला. "तो पेलेला नव्हता. त्यानं कधी थेंब घेतला न्हाय. ते म्याच वकिलाला सांगितलं होतं, माझा जीव वाचवायला."

लीलानं आईचा हात घट्ट आवळला. सत्यभामाचे ओठ पांढरे पडले होते, पण ती हलली नाही. नवरा जागच्या जागी गेला, असंच तिला सगळ्यांनी सांगितलं होतं.

"अजून?" तिनं विचारलं.

ईरण्णानं एकदा हिंमतरावांकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

"समदं म्हणाला होतास."

"बांधावर आमी दोघंच होतो, वैनी. तिसरं कुणी नव्हतं."

एकेक मान हिंमतरावांकडं वळली. ते उठून उभे राहिले, काठी मुठीत आवळलेली.

"खोटं बोलतो भडवा!"

"दादा," सत्यभामा त्यांच्याकडं वळली, "तुमी बघितलं होतं का?"

"मला ठाऊक होतं ह्यानंच मारलं! दुसरं कोण मारणार?"

"ठाऊक होतं ते खरं. बघितलं होतं का?"

हिंमतरावांनी काठी उगारली आणि ईरण्णाकडं एक पाऊल टाकलं. सत्यभामा जागची सरकली नाही. लीलाही नाही. काठी तशीच वर राहिली, मग हळूहळू खाली आली.

"न्हाय बघितलं," ते म्हणाले. "मी त्या वक्ताला बेंबळीच्या बाजारात होतो. माझा भाऊ गेला होता, सत्यभामा. साक्षीदार नव्हता कुणी. हा सुटला असता."

"सुटला असता," ती म्हणाली. "पर तुमी बी इतकी वर्सं सुटला न्हाईत."

ते मटकन खाली बसले आणि सगळ्यांसमोर रडू लागले. भावाच्या मयताला ते रडले नव्हते.

ईरण्णानं हळूच विचारलं, "वैनी, मी ऱ्हाऊ का वाडीत?"

"तुझं घर हाय, ऱ्हा. सुतारकी कर, पोट भर. माझ्या दारात यिऊ नगो. मी तुला माफ केलेलं न्हाय, करंन का ते बी ठाऊक न्हाय. पर तुला कुणी हात लावला तर मी फौजदाराकडं जाईन, मग तो आपला असू दे न्हायतर परका."

ती लीलाला घेऊन घरी गेली. दार लावून घेतलं. पोटभर रडली. मग उठून तिनं चूल पेटवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिंमतराव अंगणात आले. काठी नव्हती.

"धाराशिवला जाऊन फौजदाराला सांगावं म्हणतो," ते म्हणाले. "मी खोटी साक्ष दिली म्हणून. काय शिक्षा आसंल ती आसंल."

"मी येती संगं."

ठाण्यात फौजदारांनी सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "आता कशाला जुनं उकरता हिंमतराव? माणूस गुन्हेगार होताच ना? घरी जा."

हिंमतराव दाराकडं वळले. सत्यभामा तिथंच उभी राहिली.

"सायेब," ती म्हणाली, "त्यांनी सांगितलंय. लिवून घ्या."

फौजदारांनी खुर्ची पुढं ओढली आणि दौतीचं झाकण उघडलं.

"बोला," ते हिंमतरावांना म्हणाले. हिंमतराव परत आले, आणि उभ्या उभ्याच सांगू लागले.