खालची ओळ

मूर्खाला उत्तर न देणं हेच शहाण्याचं लक्षण, असं बायबलात शलमोन राजाने सांगून ठेवलं आहे. नंदुरबारात ते बाज्याने सांगितलं, पथारीवर, म्हणजे मिरचीच्या वाळवणाच्या मैदानावर, पसरलेली मिरची परतताना, नाकावर रुमाल बांधून.

“सभामा कोनी काय बी बोलो, हिलाल, तू जबाब देवू नको. वचन शे. बाकीनं मी संभाळी लिसू.”

हिलालला पटलं. बाज्या त्याचा साडू, शिवाय मंडळीचा पंच. हिलाल प्रार्थनाघराचा नुसता राखणदार. एकोणीस वर्षं झाडलोट, घंटा आणि कनवटीला फाटकाची किल्ली. पगार नव्हता. मान होता, तोही रविवारपुरता.

प्रकरण मिरचीचंच होतं. बाज्या ज्याच्याकडे कामाला होता त्या शेठच्या पथारीवर जागा उरली नाही, तेव्हा ‘पाळकसाहेबांना विचारलंय’ म्हणत बाज्याने शुक्रवारी किल्ली मागून नेली आणि दोन ट्रॅक्टर मिरची प्रार्थनाघराच्या अंगणात पसरून किल्ली परत आणून दिली. रविवारी वारा सुटला. पहिल्या गीताला मंडळी खोकली, दुसऱ्याला रडायला लागली. पाहुणे उपदेशक एवढा पश्चात्ताप पाहून सद्गदित झाले, मग तेही शिंकले.

पाळकसाहेबांना कुणी काही विचारलेलंच नव्हतं. फाटक कुणी उघडलं, असं त्यांनी सभेत विचारलं.

बाज्या उठला. “किल्ली एकच शे, आनि ती हिलालकडे ऱ्हास. मी काय सांगू? मन्हा साडू शे तो.”

बाज्याचं पुढचं वाक्य खरं असेल, म्हणून हिलाल थांबला होता. बाज्या खाली बसला. पाळकसाहेबांनी हिलालला तीनदा बोलायला सांगितलं, मग हात पुढे केला. हिलालने कनवटीची किल्ली सोडून त्यांच्या हातावर ठेवली.

घरी त्याने बायबलातलं नीतिसूत्रांचं पुस्तक उघडून वचन शोधलं. होतं, अगदी बाज्याने सांगितलं तसंच. लगेच खालच्या ओळीत मात्र लिहिलं होतं की मूर्खाला उत्तर द्यावं, नाही तर तो स्वतःलाच शहाणा समजतो. दोन्ही ओळी त्याने बायकोला वाचून दाखवल्या.

फुलीबाई भाकरी थापत होती. “मंग तुमना दोन्ही साडूसमा मूर्ख कोन, ते बी लिखेल शे का?”

हिलालने पान उलटून पाहिलं. नव्हतं.

पुढच्या रविवारी घंटा बाज्याने वाजवली. अंगण अजून मिरचीने लालच होतं. उपासनेला अकरा माणसं आली, त्यातली सात बाज्याच्या घरची.