सदतीस नंबर, सदोष

मित्रांनो, मी माळावर उभी असलेली एक जुनी अँटेना आहे. एक खांब आणि त्यावर एकमेकींना छेदणाऱ्या धातूच्या दोन भुजा, एवढाच माझा थाट. माझ्यासारख्या साठ जणी इथे आहेत. माझा नंबर सदतीस.

अंतराळातून एखादा अतिवेगवान कण येतो, वरच्या हवेवर आदळतो आणि त्यातून कोट्यवधी कणांची सर जमिनीकडे धावते. पृथ्वीचं चुंबकत्व त्या कणांना बाजूला खेचतं आणि रेडिओलहरींची एक चमक निघते. पापणी लवायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या कोटीव्या हिश्शात ती संपते. आम्ही ती टिपतो. माझी एक भुजा उत्तर-दक्षिण, दुसरी पूर्व-पश्चिम. चमक बहुतेकदा पूर्व-पश्चिम भुजेत मोठी येते. एवढं लक्षात ठेवलंत तरी तुम्ही आमच्या संचालकांच्या पुढे गेलात.

मला उभं केलं ते इथल्या संशोधन केंद्राच्या एका तंत्रज्ञांनी. सगळे त्यांना तारकाका म्हणत. साठही खांबांच्या केबल त्यांनी स्वतः टाकल्या. माझ्या दोन तेवढ्या सुट्या ठेवायला लावल्या, कारण उद्घाटनाला संचालक साहेबांना स्वहस्ते 'शेवटची जोडणी' करायची होती. फोटोत मळका शर्ट नको म्हणून काकांना दोरीपलीकडे उभं केलं. साहेबांनी कॅमेऱ्याकडे बघत हसत हसत केबल जोडल्या. हसू छान आलं. केबल उलट्या लागल्या, एका भुजेची दुसरीच्या जागी. लगेच खांबावरची जोडणीची पेटी सील झाली.

त्यानंतर माझे संकेत शेजारणींशी जुळेनात. पेटी उघडून बघण्याचे कष्ट कोण घेणार? माझ्यापुढे 'सदोष' लिहिलं गेलं आणि वार्षिक अहवालात छापून आलं : 'तंत्रज्ञाच्या निष्काळजी जोडणीमुळे.'

चार वर्षांनी पेटीत मुंग्या शिरल्या, तेव्हा काकांनी ती उघडली. चूक दिसताच त्यांनी साहेबांना बोलावून आणलं. साहेब म्हणाले, "दोनच तर केबल आहेत काका. बदला आणि विषय मिटवा."

"बदलतो. पण कधीपासून उलट्या होत्या ते आधी लिहा. म्हणजे मागच्या चार वर्षांच्या नोंदीही सरळ करून वाचता येतील."

"आणि कोणी लावल्या, तेही लिहू?"

"ते नका लिहू. मी लावल्या नाहीत, एवढं पुरे."

साहेबांनी पेटी पुन्हा बंद करायला लावली. एका अँटेनावाचून विज्ञान अडत नाही, असं म्हणाले. विज्ञान अडत नव्हतंच. साहेबांचं अडत होतं.

काका निवृत्त झाले. गेल्या हिवाळ्यात वारले.

त्यांची हत्यारांची पेटी न्यायला त्यांची मुलगी आली. साहेब तिला माझ्याजवळ घेऊन आले आणि काकांनी अँटेना कशा पोटच्या पोरांसारख्या सांभाळल्या, यावर बोलत राहिले. विमानं, विजेची कुंपणं, बिघडलेल्या मोटारी, सगळ्यांचा गोंगाट मी ऐकलेला आहे. त्यात ही भर. शेवटी ते म्हणाले, काकांच्या नावाची पाटी इथे लावू.

"पाटी नको," ती म्हणाली. "अहवालातली ती ओळ बदला."

"अहो, जुना अहवाल आता कोण वाचतंय?"

"बाबा वाचायचे. मी त्यांना म्हणायचे, सोडून द्या आता. तसं म्हणायला नको होतं मी."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. बघू, म्हणाले.

महिन्याभरात पाटी आली. चकचकीत पोलादी, अगदी माझ्या भुजांखाली ठोकलेली. अँटेनाजवळ असा पत्रा आणला की होते नव्हते तेही संकेत बिघडतात, हे या केंद्रात एकाच माणसाला कळलं असतं. साहेब अनावरणाला आले. ती आली नाही. तिचं पत्र मात्र दर महिन्याला येतं, त्याच एका ओळीबद्दल. त्याला उत्तर जात नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी विनवतात, आम्हाला पुसा, जपा. माझी तशी काही मागणी नाही. पाटी पुसायला माणूस येतो, जाता जाता माझ्यावरूनही फडकं फिरवतो. केबल अजून उलट्याच आहेत. पाटीवर काकांना 'कर्तव्यदक्ष' म्हटलंय आणि अहवालात 'निष्काळजी'. दोन्हींखाली नाव एकाच माणसाचं आहे, साहेबांचं. माझी काळजी घ्यायचीच असेल, तर फडकं राहू द्या. पाटीशेजारी तो अहवाल ठेवा आणि त्या माणसाला दोन्ही मोठ्याने वाचायला लावा.